बंडूजींच्या नावाचा सांड

२२ ऑगस्ट १९५६, सेलू

आज खोटं बोललो. एकदा नाही, दोनदा, आणि दोन्ही वेळा एका म्हातारीशी. लिहून ठेवतो. नाहीतर चार दिवसांनी मलाच ते खरं वाटायला लागेल. माझा स्वभाव मला ठाऊक आहे.

सकाळी केळझरच्या रूपरावजी या शेतकऱ्याचा निरोप आला, सोमा पडला आहे, लवकर या. सोमा म्हणजे मनकर्णाबाईंनी नवऱ्याच्या नावानं सोडलेला सांड. बंडूजी वारले तेव्हा त्यांच्या दिवसांत एक पांढरं गोऱ्हं डाग देऊन मोकळं सोडलं होतं, तेच हे. असा सांड गावभर चरतो आणि त्याला कोणी हाकलत नाही. त्या डागानंतर त्याला लोखंड लावायचं नाही, बडवून बैल करायचा नाही. मेला की माणसासारखी आंघोळ घालायची, हळदकुंकू लावायचं आणि अख्खाच्या अख्खा पुरायचा. तो अख्खा गेला तर ज्याच्या नावानं सोडला तो माणूसही पार होतो, अशी समजूत. मनकर्णाबाई ती जिवापाड मानतात.

मी जबलपूरला शिकलेला गुरांचा डॉक्टर. मला सोमाकडे पाहून पार-बिर काही दिसायचं नाही, जातिवंत गवळाऊ दिसायचा. लांब तोंड, हलकं अंग, कपाळावर शेजारी शेजारी दोन भोवरे. असा सांड तालुक्यात दुसरा नव्हता. गेलं वर्षभर म्हातारीच्या मागे लागलो होतो, त्याला आमच्या रेतन केंद्रावर आणू द्या, त्याचं रेत काढून बर्फात ठेवतो, गावोगावच्या गायींना नळीनं देतो, गवळाऊची जात सुधारेल. तिचं उत्तर ठरलेलं, की मालकाच्या नावाचा सांड सरकारी कामाला लावायचा नाही.

सायकल हाणत पोचलो तर सोमा रूपरावजींच्या धुऱ्यावर, शेताच्या बांधावर, आडवा. पावसानं ताण दिलेली गुडघाभर ज्वारी, वर सुकून गेलेली. अशी कोवळी ज्वारी विषारी होते. त्याला इकडे किराळ लागणं म्हणतात. इंजेक्शन दिलं, पण उशीर झाला होता. मनकर्णाबाई त्याचं डोकं मांडीवर घेऊन बसलेल्या. रूपरावजी घामाघूम, आणि कोणी विचारलं नसताना सारखं एकच, सांड इकडे कसा आला मले मालूमच नाई, मले मालूमच नाई. बाजूला त्यांची गोमती गाय दाव्याला हिसके देत हंबरत होती. माजावर आलेली. आज सकाळीच आली, म्हणाले. काय योग आहे, म्हटलं मनात.

कारण तोपर्यंत सोमाचा श्वास थांबला होता आणि माझ्या डोक्यात भलतंच सुरू झालं होतं. जनावर मेलं तरी वृषणाला चिकटलेल्या नळीतलं बीज काही तास जिवंत राहतं. कॉलेजात वाचलेलं. लगेच काढलं, थंड ठेवलं, तर मेलेल्या सांडापासूनही वासरू होऊ शकतं. आपल्या भागात कोणी केल्याचं ऐकिवात नाही. उन्हं चढत होती. विचार करायला वेळ नव्हता, असं मी आता लिहितो आहे. वेळ होता. मी केला नाही.

म्हटलं, आजी, तपासणी करावी लागेल.

"कापाकापी नाई ना करत?" त्यांनी विचारलं.

"नाही आजी. सुई टोचून रक्त घेतो, बस."

हे पहिलं. पण त्या उठेनात. भोवती सगळा गाव गोळा झालेला. मग दुसरं बोललो. साथीचा रोग असू शकतो म्हणालो, कोणी हात लावू नका, दूर व्हा. 'साथ' म्हटल्याबरोबर लोक असे पांगले की मलाच आश्चर्य वाटलं. मनकर्णाबाईंना दोघांनी धरून उठवलं.

तट्ट्याचा आडोसा करून घेतला आणि काम उरकलं. दोन्ही वृषण काढून डब्यात ठेवले, जागी कापूस भरला, टाके घातले. टाके इतके बेमालूम आले की त्यांचीच लाज वाटते आहे.

मग साथीचं सोंग शेवटपर्यंत न्यावं लागलं. सोमाला लांबून दोर टाकून ओढला, खड्ड्यात ढकलला, वर चुना. मनकर्णाबाई हळदीची वाटी आणि पाण्याची घागर घेऊन बांधापलीकडे उभ्या होत्या. आंघोळ तरी घालू द्या म्हणाल्या. मी मान हलवून नाही म्हटलं. त्यांनी वाद घातला नाही. शिकलेला माणूस सांगतो म्हणजे खरंच असणार.

२३ ऑगस्ट

काल संध्याकाळचं लिहायचं राहिलं. केंद्रावर येऊन नळी बारीक चिरून धुतली, अंड्याच्या बलकाच्या पाण्यात मिसळली. अंडी नत्थूकडून आणवली. नत्थू आमचा शिपाई. घरी बायको, पद्मा, अंड्याचं नाव काढू देत नाही. सूक्ष्मदर्शकाखाली थेंब ठेवला आणि डोळा लावला. आधी सगळं निपचित. मग एक हललं. मग सगळेच, सगळीकडे. मी एकटाच हसलो. त्या घटकेला मला म्हातारीची आठवणही नव्हती, हेही खरं खरं लिहितो.

थर्मासात बर्फ भरून लगेच केळझरला परत गेलो आणि गोमतीला रेतन केलं. रूपरावजींना सांगितलं, सरकारी सांडाचं आहे. हा माणूस एरवी आमच्या नळीला शिव्या घालतो, गायीचा धर्म बुडवता म्हणतो. काल एका शब्दानं नाही म्हणाला नाही. उलट "करा, करा, जे कराचं ते करा" म्हणून गाय स्वतः धरून उभा राहिला. माणसं बदलतात.

आज सेलूतल्या आणखी तीन गायींना दिलं. पद्मा विचारत होती, हात इतक्या वेळा का धुता. किराळीचं जनावर हाताळलं म्हणालो. म्हणजे तिच्याशी खरं बोललो. तिला किराळ, गावाला साथ.

२७ ऑगस्ट

केळझरची माणसं केंद्रावर आली. साथीवर लस द्या. आता काय सांगू? पावसाळ्यात घटसर्पाची लस द्यायचीच असते, ती देऊन टाकली. लोकांनी हात जोडले. एकानं विचारलं, सांडाच्या रक्तात काय निघालं? नागपूरला पाठवलंय, कळायचंय, म्हणालो. कोणतं रक्त आणि कोणतं नागपूर. खोट्याला खोटं जोडत चाललो आहे आणि मधे थांबायला जागा दिसत नाही.

४ सप्टेंबर, पोळा

केळझरात पोळा भरला नाही.

तोरण बांधलं होतं म्हणे, पण बैल एकत्र आणायला कोणी तयार होईना. ज्यानं त्यानं आपल्या दारातच पूजा उरकली. मला नत्थूनं सांगितलं. त्याची बहीण तिथं दिलेली आहे. तो सांगत होता आणि मी पुरणाचं ताट बाजूला सारलं. एक तोंडातून निघालेला शब्द, आणि अख्ख्या गावाचा वर्षाचा सण गेला.

त्याहून वाईट म्हणजे लोक बोलायला लागलेत. बंडूजींच्या सांडानं साथ आणली. बंडूजीचंच काहीतरी अडलं असेल, म्हणून सांड असा मेला. मनकर्णाबाईंच्या हौदावर आता कोणी गुरं पाजत नाही. पोळ्याच्या दिवशी त्यांच्याकडे कोणी बाई बसायलाही गेली नाही म्हणे. विधवा म्हणून नव्हे. आजवर जात होत्या, मनकर्णाबाई लेकीसुनांना हाक मारून पुरण वाढत. यंदा कोणी फिरकलं नाही.

उद्या जाऊन सांगतो. साथ नव्हती, एवढं तर सांगता येईल. पण मग पडद्याआड काय करत होता, असं विचारलं तर?

११ सप्टेंबर

गेलो नाही.

१८ सप्टेंबर

मनकर्णाबाई बाजाराला सेलूत तूप घेऊन येतात, आणि आमच्याकडे पहिल्यापासून त्यांचंच तूप असतं. आज दारात आल्या, तर पद्मानं आतूनच सांगितलं, शिल्लक आहे. शिल्लक नव्हतं. मी पडवीत बसलो होतो. म्हातारीनं माझ्याकडे पाहून विचारलं, रक्ताचं काही कळलं का डाक्टरसाब. अजून नाही, म्हणालो. बरं, म्हणाल्या, आणि भांडं डोक्यावर घेऊन गेल्या.

पद्माला विचारलं, का नाही घेतलं? ती म्हणाली, अहो, मला किराळ म्हणालात, पण गावाला तुम्हीच तर साथ सांगितली, आणि मलाच विचारता? मला तोंडात मारल्यासारखं झालं. जेवताना भात कोरडाच खाल्ला. पद्माला वाटलं मी तिच्यावर रागावलो.

सेलूच्या तिन्ही गायी पुन्हा माजावर आल्या. म्हणजे तिथं काही ठरलं नाही. गोमती मात्र आली नाही अजून.

२० नोव्हेंबर

आता आम्ही मुंबई राज्यात. नागपूरचे साहेब गेले, पुण्याचे आले. पाटी बदलली, कामं तीच.

केळझरला जाऊन गोमती तपासली. गाभण आहे. हात आत असतानाच पुन्हा एकदा चाचपून पाहिलं. मेलेल्या सांडापासून गर्भ! चौघींत एकच लागली, पण लागली. ओरडून सांगावंसं वाटलं, आणि सांगायला एक माणूस नाही. रूपरावजींना म्हटलं, अभिनंदन, गाय गाभण आहे. तर त्यांचा चेहरा उतरला. आनंद व्हायला हवा होता. शेतकरी माणसाचं काही कळत नाही.

परत येताना मनकर्णाबाईंच्या घरावरून आलो. अंगणात एकट्या बसून तुरीच्या शेंगा सोलत होत्या. पूर्वी ओट्यावर बायकांचा मेळा असायचा. मी सायकल जोरात हाणली. मनाशी म्हटलं, वासरू होऊ दे, मग सगळं सांगू. वासरू दाखवून सांगितलं की त्यांनाही पटेल. सोमा गेला नाही, आजी, हा बघा. मला हे फार पटलं आणि दोन दिवस बरे गेले.

१४ जानेवारी १९५७

संक्रांत. मनकर्णाबाईंनी तिळगूळ पाठवला. पद्मानं घेतला, पण खाल्ला नाही. मी खाल्ला. गोड लागला, यात काय विशेष. पण खाताना रडू आलं, आणि पद्मा बघत राहिली.

५ जून

गोमती व्यायली. गोऱ्हा. पांढराशुभ्र, लांब तोंडाचा, आणि कपाळावर दोन भोवरे, शेजारी शेजारी. मी गुडघ्यांवर बसून बोटानं ते भोवरे पुन्हा पुन्हा चाचपत राहिलो.

गावात मात्र कोणी बघायलाही आलं नाही. साथीच्या सांडासारखं दिसतं म्हणून लोक बिचकले. मनकर्णाबाई तेवढ्या आल्या. लांबच उभ्या राहिल्या. जवळ या म्हटलं, तर म्हणाल्या, "नको बापा. मी हात लावला तं लोक यालेही नावं ठेवतीन."

मला तिथंच सांगायला हवं होतं. वासरू समोर होतं, म्हातारी समोर होती, याच घटकेसाठी तर थांबलो होतो. पण म्हटलं, साहेब येऊन शिक्का मारू देत. आधी साहेब, मग म्हातारी. असा मी.

१३ जून

काल पुण्याचे साहेब आले. मी त्यांना आधीच सगळं सांगून टाकलं होतं, आडोसा, टाके, सगळं. त्यांनी ते मनावर घेतलं नाही. परवानगीचं जाऊ द्या म्हणाले, काम मोठं आहे. वासरू पाहिलं, भोवरे पाहिले, खूश झाले. मग सहज विचारावं तसं रूपरावजींना विचारलं, हा सांड मेला त्याच्या आदल्या दिवशी कुठं होता हो?

रूपरावजी वासराच्या अंगावरचं गवत झटकायला लागले. साहेबांनी पुन्हा विचारलं. आणि तो माणूस धाडकन खाली बसला आणि डोक्याला हात लावून रडायला लागला.

गोमती आदल्या दुपारीच माजावर आली होती. त्यांनीच तिला ज्वारीच्या धुऱ्यावर नेऊन बांधली, सोमा यावा म्हणून. तो आला, गायीला लागला, रात्रभर तिथंच राहिला, आणि भूक लागली तशी ज्वारीत शिरला. यांनी त्याला हाकललं नाही. बंडूजींच्या सांडाला कसं हाकलायचं? सकाळी तो पडला. गाव आपल्याला सोडणार नाही या भीतीनं गप्प बसले. मी साथ म्हणालो तेव्हा देवच धावून आला, असं त्यांना वाटलं.

"मीच मारलं त्याले," म्हणाले. "तुमी साथ म्हटलं तं मी बी म्हटलं, साथच असू दे."

साहेब हसले. म्हणाले, डॉक्टर, हे वासरू तुमच्या नळीचं की सांडानं स्वतः दिलेलं, हे आता ब्रह्मदेवही सांगायचा नाही. पुढच्या वेळी आधी गाय बांधून ठेवत जा. आणि मोटारीत बसून गेले.

वासरू जिवंत सोमाचं आहे. इतर तीन गायी लागल्या नाहीत, त्यातच सगळं आलं होतं. गोमती हंबरत होती, रूपरावजी घाबरले होते, ते नको तितके नरमले होते, सगळं डोळ्यांसमोर होतं आणि मी योग म्हणालो. सोमानं जे जिवंतपणी देऊन ठेवलं होतं, ते मी मेल्यावर कापून काढायला गेलो. काही मिळालं असतं तर निदान सांगायला तोंड राहिलं असतं.

पद्माला सगळं सांगितलं.  ती एवढंच म्हणाली, "आणि मी त्यांचं तूप परत केलं."

१५ जून

मनकर्णाबाईंकडे गेलो. त्या सुपात धान्य पाखडत होत्या. मी खाली बसलो आणि सांगून टाकलं. मधे थांबलो असतो तर पुन्हा सुरू करता आलं नसतं, म्हणून एका दमात. रक्त घेतलंच नव्हतं. सोमाला कापलं, ते काढलं, टाके घातले. साथ नव्हती, किराळ होती. नोकरी सोडतो म्हणालो, पारावर येऊन सगळ्यांसमोर पाया पडतो म्हणालो. काय काय म्हणालो.

मला वाटलं होतं, कापलं म्हटल्यावर त्या किंचाळतील. मारतील. त्याची तयारी करून गेलो होतो. त्यांनी सूप खाली ठेवलं. मग विचारलं,

"साथ नव्हती?"

"नव्हती."

"मंग मले त्याले आंघोळ घालता आली असती?"

मला उत्तर द्यायचं नव्हतं. पण त्या बघत राहिल्या. आली असती, म्हणालो.

त्यानंतर त्या मला 'तू' म्हणाल्या. इतक्या वर्षांत पहिल्यांदा. "लोखंड लावलं तू. ते तुह्यं तुह्यापाशी ठेव. गावाले नको सांगजो. सांगशील तं पोट्टे मालकाच्या नावानं हसतीन. साथ नव्हती, तेवढं सांग."

म्हणजे शिक्षाही करायची नाही म्हणतात. मी तेवढ्यावर तरी मोकळा होईन, असं धरून गेलो होतो.

संध्याकाळी पारावर सांगितलं. साथ नव्हती, माझं निदान चुकलं, सांड किराळीनं गेला. रूपरावजींचं नाव घेतलं नाही. ते माझ्या शेजारीच बसले होते. लोक आधी चिडले, पोळा बुडवला म्हणाले. मग कोणीतरी म्हणालं, डाक्टर बी माणूसच हाये, चुकते. चहा आला. सगळ्यांनी मला चुकलेला माणूस समजून माफ केलं आणि मी तो चहा प्यालो.

१६ जून

सकाळी मनकर्णाबाई घागर आणि हळद घेऊन सोमाच्या खड्ड्याकडे निघाल्या. बातमी पसरली होती. मागून बायका निघाल्या, ज्या वर्षभर दारात आल्या नव्हत्या त्याही. त्या त्याला आंघोळ घालायला निघाल्या होत्या. खड्ड्यावर आता गवत उगवलं आहे, त्या मातीलाच घालणार होत्या.

मी आधीच विहिरीवर जाऊन उभा होतो. पाणी मी शेंदलं. त्या नको म्हणाल्या नाहीत. घागर भरली, तशी उचलून त्यांच्याबरोबर चालायला लागलो.

चार पावलांवर त्या थांबल्या. माझ्या हातातून घागर घेतली, कमरेवर ठेवली, आणि पुढे गेल्या.

त्यांच्यानं ती पेलत नव्हती, पाणी सांडत होतं. दुसऱ्या कोणी बाईनं हात लावला तो त्यांनी लावू दिला. मी विहिरीवरच थांबलो आणि पुढची घागर भरायला दोर सोडला.